मधुमेहाचा माणूस अ‍ॅडमिट का होतो? केस पेपरवर न लिहिलेले कारण

मागच्या पावसाळ्यात मरोळमधल्या आमच्या वस्तीतले एक काका रुग्णालयात अ‍ॅडमिट झाले. वय पन्नाशीच्या आसपास. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर कंत्राटी वॉचमन. बारा तासांची ड्युटी, त्यातला बहुतेक वेळ उभे राहून. पायात कंत्राटदाराने दिलेले बूट, एक नंबर लहान. बूट घासून अंगठ्याला फोड आला. तो दुखला नाही, कारण कित्येक वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. जे दुखत नाही त्याच्याकडे कोण बघतो? पावसात मोजा ओला, बूट ओला, फोड फुटला, जखम चिघळली. अंगठा काळा पडला, घरात वास येऊ लागला, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली गेली.

आम्ही सोबत होतो. केस पेपरवर तीन गोष्टी लिहिल्या गेल्या: अनियंत्रित मधुमेह, पायाला गँगरीन, औषधे अनियमित. राउंडवर आलेले तरुण डॉक्टर काकूंना म्हणाले, "तुम्ही लोक पथ्य पाळत नाही, गोळ्या घेत नाही आणि शेवटच्या क्षणी आमच्याकडे येता." डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. डोळ्यांवरून दिसत होते की रात्रभर झोपले नसावेत. काकांवर उपचारही त्यांनी मनापासून केले. पण ते "तुम्ही लोक" आमच्या कानातून अजून जात नाही. काकूंनी मान खाली घातली. जणू नवऱ्याचा पाय त्यांनीच कुजवला होता.

साथींनो, या लेखाचा विषय ती खाली गेलेली मान आहे. मधुमेहाचा माणूस रुग्णालयात का पोहोचतो? व्यवस्थेचे उत्तर तयार आहे: साखर वाढली, माणूस बेफिकीर. आमचे म्हणणे असे की साखर वाढणे हा आजार आहे, आणि रुग्णालयात पोहोचणे हा बहुतेक वेळा आजारापेक्षा जास्त त्या माणसाच्या पगाराचा, ड्युटीचा, घराचा आणि सरकारी धोरणाचा परिणाम आहे. हे दुसरे कारण केस पेपरवर लिहायला रकाना नाही. म्हणून ते आपल्याला लिहावे लागेल.

अ‍ॅडमिट होण्याच्या वाटा

आधी वैद्यकाची बाजू नीट समजून घेऊ. नुसत्या घोषणांनी आजार कळत नाही, आणि आपल्या कार्यकर्त्यांना हे तपशील पाठ असायलाच हवेत.

पहिली वाट पायाची. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा मरतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. जखम झालेली कळत नाही आणि झाली तर भरत नाही. मधुमेहात पाय किंवा बोटे कापावी लागतात तेव्हा दहापैकी आठांहून जास्त वेळा त्याची सुरुवात एका साध्या जखमेने झालेली असते. म्हणजे रोज रात्री पाय धुऊन, तळवा बघून, योग्य मापाची चप्पल घालून यातले बरेच पाय वाचू शकतात. पण योग्य मापाचे बूट देणे कंत्राटदाराच्या करारात नाही. गटारात, कचऱ्यात, बांधकामावर राबणाऱ्याच्या पायाला जखम होणारच. आणि या देशात गटारात आणि कचऱ्यात कोण उतरते, हे आम्ही कुणाला नव्याने सांगायला नको.

दुसरी वाट साखर खाली जाण्याची. लोकांना वाटते मधुमेह म्हणजे फक्त साखर वाढणे. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतल्या आणि वेळेवर जेवण मिळाले नाही, तर साखर 70 च्या खाली घसरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भलतेच बोलतो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. आता विचार करा, जेवण कुणाचे चुकते? चार घरची धुणीभांडी करून दुपारी तीनला पहिला घास घेणाऱ्या मावशीचे. साइटवर सुपरवायझर सोडेल तेव्हाच डबा उघडणाऱ्या बिगाऱ्याचे. सकाळी गोळी घ्यायची म्हणून घेतली, पण "जेवणाआधी गोळी" या सूचनेतले जेवणच त्यांच्या वेळापत्रकात नसते. पोलीस आणि बघे मात्र रस्त्यात पडलेल्या माणसाला दारुड्या म्हणून सोडून जातात.

तिसरी वाट साखर अतिशय वाढण्याची. ताप आला, उलट्या झाल्या, जंतुसंसर्ग झाला, किंवा इन्सुलिन चुकले तर साखर चार-पाचशेच्या वर जाते, शरीर कोरडे पडते, रक्तात आम्ल साठते, माणूस कोमात जाऊ शकतो. टाइप 1 मधुमेहाच्या मुलांमध्ये तर इन्सुलिन थांबले की एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. इन्सुलिन 1921 साली टोरोंटोत सापडले आणि 1922 च्या जानेवारीत पहिल्या मुलाला टोचले गेले. शोध लावणाऱ्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. शंभर वर्षे उलटली, तरी आपल्या वस्तीत इन्सुलिनची बाटली महिनाअखेरीस संपते आणि पगार दहा तारखेला होतो. मधल्या दिवसांत डोस अर्धा केला जातो. त्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, फ्रिजविना, ते औषध किती टिकणार? उघडलेली बाटली थंड जागी महिनाभर चालते, ओल्या माठाजवळ ठेवता येते. पण हे सांगायला ओपीडीत डॉक्टरांकडे एका रुग्णामागे वेळ किती असतो?

चौथी वाट जंतुसंसर्गाची, आणि त्यात सर्वांत मोठा टीबी. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याची शक्यता दोन ते तीन पट वाढते. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, हवा नाही, ऊन नाही. अशा घरात मधुमेह आणि टीबी एकमेकांना हात देत येतात. एकाची फाइल एका खिडकीवर, दुसऱ्याची दुसऱ्या, आणि माणूस दोन्हीकडे खाडा करून रांगेत.

पाचवी वाट मूत्रपिंड, हृदय आणि मेंदूची. ही वाट सर्वांत शांत. वर्षातून एकदा लघवीतले प्रथिन तपासले, रक्तदाब नियंत्रणात ठेवला, तर मूत्रपिंडाचा बिघाड लवकर कळतो आणि लांबवता येतो. ती तपासणी झाली नाही तर पुढची भेट थेट डायलिसिसच्या खोलीत होते. हृदयविकाराचा झटका मधुमेही माणसाला कधीकधी छातीत दुखल्याशिवायही येतो, केवळ दम लागणे आणि घाम. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल.

या पाचही वाटा पुन्हा वाचा. प्रत्येक वाटेवर एक अशी जागा आहे जिथे माणसाला थांबवता आले असते: एक बूट, एक जेवणाची सुट्टी, एक बाटली, एक हवेशीर खोली, वर्षातून एक तपासणी. आपले लोक अ‍ॅडमिट होतात कारण त्या प्रत्येक जागी आधार द्यायला कुणी नसते.

"जीवनशैलीचा आजार" कुणाची शैली?

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या मधुमेहाला "जीवनशैलीचा आजार" म्हणतात. सोबत चित्र असते पोट सुटलेल्या साहेबाचे, बर्गरचे, लिफ्टचे. उपाय असतात सकाळी पाच किलोमीटर चाला, सॅलड खा, ताण घेऊ नका. आम्ही विचारतो, आमच्या वॉचमन काकांनी कुठली शैली निवडली होती? रात्रपाळी त्यांनी निवडली? बारा तास उभे राहणे त्यांनी निवडले? रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. डाळ, भाजी, अंडी बाजारभावाने घ्यायची. पोट भाताने भरायचे ही आवड आहे की हिशेब? शैली निवडणाऱ्याची असते. आमच्यावर जगणे लादलेले आहे. लादलेल्या जगण्याला शैली म्हणणे हा शब्दांचा ब्राह्मणी खेळ आहे, कारण एकदा शैली म्हटले की दोष माणसाचा ठरतो आणि व्यवस्था सुटते.

विज्ञानही आता वेगळे काही सांगू लागले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यांना दिसले की आपली बाळे वजनाने हलकी जन्मतात, पण त्या हलक्या शरीरातही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आणि स्नायू कमी असतात. बाहेरून किडकिडीत, आतून चरबी. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. म्हणजे मधुमेहाची सुरुवात पन्नाशीतल्या जिलेबीपासून होते असे नाही, ती आईच्या पोटातल्या उपाशीपणापासूनही होते. युरोपात 1944-45 च्या हिवाळ्यात नाझींनी हॉलंडची अन्नकोंडी केली. त्या काळात जी मुले पोटात होती, त्यांच्यात मोठेपणी साखर हाताळण्याची शरीराची ताकद कमी आढळली. 2025 साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला "टाइप 5" म्हणून वेगळी ओळखही दिली.

आता हे आपल्या इतिहासाशी जोडा. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, विदर्भातून, पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या तालुक्यांतून किती कुटुंबे मुंबईत आली? सीप्झ 1973 साली उभे राहिले. त्याच्या आणि एमआयडीसीच्या आजूबाजूला, पाइपलाइनच्या कडेने, डोंगराच्या उतारावर ज्या वस्त्या वाढल्या, त्यांत ही माणसे होती. त्या वर्षांत पोटात असलेली, त्या वर्षांत जन्मलेली पिढी आज पन्नाशीत आहे. प्रत्येकाचा मधुमेह दुष्काळातून आला असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे अवैज्ञानिक ठरेल. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पोटभर अन्न नाकारले गेले, जमीन नाकारली गेली, गावाचे उरलेसुरले खायला लावले गेले, त्या समाजाच्या शरीरावर त्याच्या खुणा राहणारच. जात फक्त दाखल्यावर नसते. ती शरीरात उतरते. आणि मग त्याच शरीराला डॉक्टर विचारतात, "तुम्ही लोक पथ्य का पाळत नाही?"

मरोळचे दोन दवाखाने

आमच्या मरोळमध्ये दवाखान्यांची जागा नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. दोन मोठ्या इमारतींची गोष्ट सांगतो.

एक कामगार विम्याचे रुग्णालय. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, 1942 ते 1946. त्याच काळात, 1944 साली, प्रा. आदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून जास्त, आणि त्या बदल्यात ओपीडी, औषधे, भरती, आजारपणाची भरपगारी नसली तरी काही पगारी रजा. आजही कामगाराचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के आहे. मधुमेहासारख्या आयुष्यभराच्या आजाराला नेमके हेच लागते: रोजची गोळी, नियमित तपासणी आणि रजा घेतली तरी चूल पेटती राहण्याची हमी. बाबासाहेबांच्या काळात ज्याचा पाया घातला गेला तो विचार आजच्या सगळ्या कार्ड-योजनांपेक्षा पुढचा होता.

पण 17 डिसेंबर 2018 रोजी मरोळच्या या कामगार रुग्णालयाला आग लागली. माणसे गुदमरून मेली, काहींनी खिडक्यांतून उड्या मारल्या. त्यानंतर कित्येक वर्षे हे रुग्णालय पूर्ण ताकदीने उभे राहिले नाही. कामगारांच्याच पैशांवर चालणारे कामगारांचे रुग्णालय, देशाच्या आर्थिक राजधानीच्या औद्योगिक वसाहतीत, आणि ते पुन्हा उभे करायची घाई कुणालाच नव्हती. त्या जागी मॉल असता तर इतकी वर्षे लागली असती का?

दुसरी इमारत सेव्हन हिल्सची. मरोळ-मरोशी रस्त्यावर महापालिकेच्या, म्हणजे जनतेच्या जमिनीवर, खासगी भागीदारीतून दीड हजार खाटांचे रुग्णालय उभारायचे ठरले. अट होती की 20 टक्के खाटा पालिकेकडून येणाऱ्या रुग्णांसाठी राखीव राहतील. त्या खाटांवरून वाद झाले, कंपनी कर्जात बुडाली, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले, रुग्णालय बंद पडले. 2020 मध्ये कोविड आला तेव्हा पालिकेने हीच इमारत हाती घेऊन तिथे हजारो रुग्णांवर उपचार केले. यातून एक गोष्ट सिद्ध झाली: सरकारला करायचे असले की होते. रोग श्रीमंतांच्याही घरात शिरला, तेव्हा कुलूप उघडले. मधुमेहाने गरिबाचा पाय जातो, तो शेजारच्या टॉवरमध्ये पसरत नाही. म्हणून त्याची घाई नसते.

मनमाडला 1938 साली रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर खूप बोलतो, बोललेच पाहिजे. पण या दोन इमारतींसमोर उभे राहून बघा, दुसराही शत्रू तिथेच उभा दिसेल.

पाय कापायला पैसे, वाचवायला नाहीत

कुणी म्हणेल, आता योजना आहेत ना! आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. काही जणांचे प्राण तिने वाचवले आहेत, ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण योजनेची रचना बघा. ती मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर चालू होते. डायलिसिस बसते, अँजिओप्लास्टी बसते, शस्त्रक्रिया बसते. महिन्याची गोळी बसत नाही. पट्टीवरची शुगर तपासणी बसत नाही. मऊ तळव्याची चप्पल बसत नाही. म्हणजे काकांचा पाय शाबूत असेपर्यंत योजनेच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. अंगठा काळा पडला तेव्हा ते लाभार्थी झाले. आजार वाढला की पैसा फिरतो आणि तो मोठ्या प्रमाणात खासगी रुग्णालयांकडे जातो. आजार वाढलाच नाही तर कुणाचे बिल होणार?

योजनेला नाव फुल्यांचे दिले आहे म्हणून विचारतो. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला. माई रोग्यांना आणायला स्वतः जात, त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. फुल्यांचे घर रोग्याच्या दारात गेले होते. फुल्यांच्या नावाची योजना रोगी मरणाच्या दारात येईपर्यंत वाट बघते. नाव घ्यायचे तर रीतही घ्या.

मुंबईत 2022 पासून "आपला दवाखाना" सुरू झाले, त्यांतले काही संध्याकाळीही उघडे असतात. पाऊल चांगले आहे आणि ते आपण वापरलेच पाहिजे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची मधुमेहाची तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमही कागदावर आहे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांसमोर गोळ्यांचा साठा महिन्यात दोनदा संपून चालत नाही. "बाहेरून घ्या" या दोन शब्दांनी आजवर किती पाय कापले असतील?

आता आरसा आपल्याकडे

व्यवस्थेला शिव्या घालून लेख संपवला तर टाळ्या मिळतील. पण आम्ही आपल्याच लोकांशीही भांडायला बसलो आहोत.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, शुगर-बीपी तपासणे हे एनजीओचे काम, आपली चळवळ राजकीय. साथींनो, पाय गेलेला माणूस मोर्चात कसा येणार? कर्ता माणूस डायलिसिसवर गेला की पहिली शाळा कुणाची सुटते? मुलीची. कर्ज कुणाच्या नावावर निघते? बचत गटातल्या बाईच्या. घराण्याने दोन पिढ्यांत शिक्षणाने जे कमावले ते एका अ‍ॅडमिशनमध्ये जाते. हे राजकारण नसेल तर राजकारण म्हणजे काय?

जयंतीला आपण डीजेवर किती खर्च करतो ते आम्ही इथे लिहीत नाही, प्रत्येक मंडळाने आपला हिशेब स्वतः उघडावा. त्या पैशात ग्लुकोमीटर आणि पट्ट्या किती येतात, एवढाच भागाकार करावा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले डॉक्टर, आपले विद्यार्थी शिबिरे लावतात, त्यांना आमचा मानाचा जयभीम. पण मधुमेह वर्षाचे 365 दिवस असतो.

आणखी एक कडू गोष्ट. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही "शुगर मुळापासून बरी" करणारी पावडर, ताईत, बाबाचे पाणी शिरले आहे. गोळ्या बंद करून काढा पिणारी माणसे महिन्या-दोन महिन्यांत रुग्णालयात पोहोचलेली आम्ही पाहिली आहेत. देव नाकारला आणि वैदू स्वीकारला तर धम्म कुठे राहिला? तसेच, लग्न ठरेना म्हणून टाइप 1 असलेल्या मुलीचे इन्सुलिन लपवणारे आईबाप आपल्यातच आहेत. घरात सर्वांत शेवटी, उरलेले खाणारी बाई आपल्याही घरात आहे. तिची शुगर कुणी तपासली?

लाज वाटून घेण्यासारखा हा आजार नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटची वर्षे पायांच्या वेदना, क्षीण होत गेलेली दृष्टी आणि इन्सुलिनची सुई यांच्यासोबत त्यांनी काढली. डॉ. मालवणकरांचे उपचार होते, घरात माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, तरीही तो देह थकला. त्याच देहाने त्यांनी संविधानाचे काम केले आणि धम्मग्रंथ लिहिला. ज्यांच्या घरात डॉक्टर नाही, त्यांच्यासाठी आपण काय उभे केले?

काय करायचे

संविधानाच्या अनुच्छेद 47 ने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य म्हटले आहे. 1996 साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद 21 चा भंग आहे. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तो महाराष्ट्राने का करू नये? मागण्या स्पष्ट ठेवू: मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि पट्ट्या प्रत्येक पालिका दवाखान्यात बारा महिने, ओपीडी संध्याकाळी, कंत्राटी कामगाराला विम्याचे कार्ड पहिल्याच महिन्यात, 21,000 रुपयांच्या पगारमर्यादेच्या आणि दहा कामगारांच्या अटीच्या बाहेर राहिलेल्या घरकामगार, रिक्षाचालक, फेरीवाल्यांना त्याच विम्यात जागा, मरोळचे कामगार रुग्णालय पूर्ण क्षमतेने, आणि जनतेच्या जमिनीवरच्या खाटा जनतेला.

मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. महावग्गात गोष्ट आहे: एक भिक्खू पोट बिघडून स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, आणि संघाला समजावले की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास द्या. एक ग्लुकोमीटर, एक वजनकाटा, एक वही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची नोंद. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त आली तर त्या माणसाला चिठ्ठी देऊन सोडू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाचे तळवे महिन्यातून एकदा बघा. हे काम लाजिरवाणे नाही, पाय बघायला वाकणे म्हणजे कुणाच्या पाया पडणे नव्हे. कुणाची गोळी महिनाअखेरीस संपते ते वहीत लिहा. कुठल्या दवाखान्यात "बाहेरून घ्या" सांगितले, कुठल्या तारखेला, तेही लिहा. तीच वही उद्या वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेताना आपला पुरावा होईल.

काकांचा अंगठा आणि शेजारचे बोट कापले, पाय वाचला. महिनाभराने ते घरी आले तेव्हा गेटवर दुसरा वॉचमन उभा होता. कंत्राटदाराने त्यांचा हिशेब केला, बूट परत मागितले. आता ते आमच्या रविवारच्या तासाला खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला म्हणतात, "आधी मोजे काढ, पाय दाखव." पहिल्या रविवारी लोक हसले. दुसऱ्या रविवारी एका रिक्षावाल्या दादाच्या टाचेत खिळा रुतलेला सापडला. त्याला पत्ताच नव्हता. त्याच सकाळी आम्ही त्याला दवाखान्यात नेले, ड्रेसिंग झाले, गोळ्या मिळाल्या. तो अ‍ॅडमिट झाला नाही.

शिका, आणि आपले शरीरही शिका. संघटित व्हा, आणि ओपीडीच्या रांगेतही संघटित व्हा. पुढच्या वेळी कुणी "तुम्ही लोक" म्हणाले तर मान खाली घालू नका. वही उघडा आणि केस पेपरवर न लिहिलेले कारण मोठ्याने वाचून दाखवा.

जयभीम!